चौऱ्याऐंशी नंबरची हजेरी

ऑफिसात तिला सगळे मिनिटबाई म्हणत. ती रागवत नसे, कारण नाव शोभत होतं. शहराच्या बससेवेच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर वेळापत्रकांचा विभाग होता. तिथे पाच माणसं पाच टेबलांवर बसून कुठली गाडी कुठून किती वाजता सुटणार हे ठरवत. त्यांत ही सगळ्यांत लहान, एकोणतीस वर्षांची. एखाद्या मार्गावर एक मिनिट वाचतंय असं दिसलं की हिचा चेहरा असा खुलायचा, जणू कुणी ते मिनिट हिलाच बक्षीस दिलंय. गाडीत बसणाऱ्यांना त्या मिनिटाचा पत्ताही नसायचा, पण हिला त्याचं काही नव्हतं.

सात महिन्यांपूर्वी घर बदलायची वेळ आली तेव्हा मात्र या हुशार बाईचं डोकं चालेना. घर बदलायचं होतं ते बाबांसाठी. बाबा गणिताचे मास्तर. छत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. ज्या माणसाच्या आवाजाने अख्खा वर्ग गार पडायचा, त्याच्याकडे ‘हो’, ‘नको’ आणि ‘पाणी’ एवढे तीन शब्द शिल्लक राहिले. आई आधीच गेलेली. मोठा भाऊ विमानाने जावं लागेल इतक्या लांब. राहता राहिली ही.

दोन घरं बघितली होती. एक भर शहरात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तिथून तिचं ऑफिस चालत चार मिनिटांवर. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन बाबांना भरवून परत जाता आलं असतं. पण लिफ्ट मनात येईल तेव्हा चालायची, आणि खिडकी उघडली की समोर बसचा डेपो. दुसरं घर समुद्राच्या कडेला, उपनगराच्याही पलीकडे, गाडीचा शेवटचा थांबा होता तिथे. तळमजला, तीन खोल्या आणि मागे हातभर अंगण. दारातून निघालेली सिमेंटची पायवाट थेट बंधाऱ्यापर्यंत जायची आणि तिला डाव्या बाजूने लोखंडी कठडा होता. भाडं दोन्हीकडे सारखंच.

“शहरातलं घे,” दादा फोनवर म्हणाला. “मी लांबून सांगतोय म्हणून नाही, पण व्यवहार बघ. समुद्र काय, सुट्टीत बघता येतो.”

तिने दोन्ही घरं बाबांना नेऊन दाखवली. शहरातल्या घरात बाबांना खिडकीशी खुर्चीत बसवलं. त्यांनी डेपोकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, आणि कुणी काही विचारायच्या आतच म्हणाले, “नको.” समुद्राकडच्या घरात ते काहीच बोलले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी तो कठडा धरला आणि कुणाचाही आधार न घेता अकरा पावलं चालले. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच स्वतःहून चालत होते. तिने तोंडावर हात ठेवला, आणि तिचं ठरलं.

ठरलं, पण गणित करूनच. ती मिनिटबाई होती. समुद्राकडून शहरात थेट येणारी एकच गाडी होती, चौऱ्याऐंशी नंबरची. ती नवीन होती, आणि गंमत म्हणजे तिचं वेळापत्रक हिनेच केलेलं होतं, घराचा विचारही डोक्यात नव्हता तेव्हा. सकाळी सात दहाला तिकडून निघायचं, अठ्ठावन्न मिनिटांत शहरात. संध्याकाळी पाच पाचला परत, सहा तीनला घरी. शेजारच्या काकू सव्वासहापर्यंत बाबांजवळ थांबायला तयार होत्या. त्यानंतर त्यांना स्वतःच्या कामावर जायचं असे, एका अतिथीगृहात. सगळं कसं चपखल बसत होतं. थेट गाडी नसेल तर दोनदा गाडी बदलून दोन तास दहा मिनिटं, पण तो विचार करायचं कारणच नव्हतं. नवी गाडी सहा महिन्यांच्या बोलीवर असते आणि मग तिची तपासणी होते, हे तिला ठाऊक होतं. पण आपण केलेली गाडी बंद पडेल असं कुठल्या आईला वाटतं?

घर बदलल्यावर तिने ऑफिसात रीतसर अर्ज भरला. त्या विभागाचा एक जुना रिवाज होता, ज्याच्या-त्याच्या घरचा मार्ग त्याच्या टेबलावरून काढून घ्यायचा. आपल्या दारात गाडी उभी करण्याचा मोह कुणालाही होऊ शकतो, म्हणून. त्या मार्गाबद्दल वर्षभर एक शब्द काढायचा नाही, आणि बैठकीत त्याचा विषय निघाला की उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं. चौऱ्याऐंशी नंबर शेजारच्या टेबलावर गेला. तिला तेव्हा हा रिवाज फार आवडायचा. किती स्वच्छ कारभार, म्हणायची.

समुद्राने बाबांना खरंच हात दिला. रोज सकाळ-संध्याकाळ ते कठडा धरून चालायचे. कठड्याला मध्ये मध्ये खांब होते. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ते खांबावर हात ठेवून थांबले आणि स्पष्ट म्हणाले, “सात.” दुसऱ्या दिवशी आठ. माणसांची नावं आठवत नव्हती, मुलीचंही नाही, पण आकडे एकेक करून परत येत होते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, “यांची जागा बदलू नका हं आता. या वाटेवरच यांचं डोकं चालतंय.” ती त्या रात्री कित्येक महिन्यांनी निवांत झोपली.

गाडीवर ड्रायव्हर एकच, मामा. सगळेच त्यांना मामा म्हणत. निवृत्तीला अकरा महिने राहिलेले, अंगाने भरदार आणि तोंडाने त्याहून. गाडीतली माणसंही ठरलेली, तीस-चौतीस. शाळेतल्या दोन बाई, दवाखान्यातला कंपाउंडर, कारखान्यातली पोरं, आठवड्यातून तीनदा उपचाराला जाणारे एक आजोबा. जवळजवळ सगळ्यांकडे महिन्याचे पास. पास असला तरी चढताना दारातल्या मशीनला कार्ड लावायचं असा नियम होता. पण ते मशीन भलतंच मंद. एक कार्ड वाचायला चार-पाच सेकंद घ्यायचं.

“राहू द्या, राहू द्या, बसा,” मामा हात हलवायचे. “तुम्हाला काय मी आज बघतोय? या वेळापत्रकात श्वास घ्यायलाही वेळ ठेवलेला नाही. कुणी केलंय देव जाणे. त्या शहाण्याला एकदा माझ्या जागेवर बसवा.”

शहाणी तिसऱ्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायची. चूक तिचीच होती, आणि तिला ती माहीत होती. पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा एकसष्ट मिनिटं आली होती. तासाच्या आत बसवायला सांगितलं म्हणून तिने थांब्यांवरची तीन मिनिटं छाटली होती. पासवालेच तर असतात, पटापट चढतील, असं म्हणून. आता मामा ती तीन मिनिटं मशीनला बगल देऊन भरून काढत होते. आणि ती स्वतः? तिनेही सहा महिने कार्ड लावलं नव्हतं. मामा ‘बसा ताई’ म्हणायचे, ती बसायची. बाबांच्या पायात मोजा चढत नसेल त्या दिवशी मामा थांब्यावर तिच्यासाठी अर्धं मिनिट जास्त थांबत आणि पुढे समुद्रकाठच्या सरळ रस्त्यावर ते वसूल करत. अशा माणसापुढे मशीनचं नाव कोण काढणार?

सहावा महिना संपत आला, आणि एका सोमवारी दुपारी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या कागदावर तिची नजर गेली. बघायचं नव्हतं, पण गेली. तपासणीचा आठवडा सुरू झाला होता. चौऱ्याऐंशी नंबर, सकाळची फेरी, प्रवासी नऊ.

तिला आधी हसूच आलं. नऊ? सकाळी तर ती उभी राहून आली होती. आणि मग मशीन आठवलं. मोजणी मशीनवरून होते, आणि ते नऊ म्हणजे वाटेत चढून मशीनमधून सुटं तिकीट काढणारे. कार्ड लागलं तर माणूस आहे, नाही लागलं तर नाही. हे तिच्याइतकं नीट दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. नव्या माणसांना हे समजावून सांगायचं काम तिचंच होतं. सरासरी वीसच्या खाली गेली की गाडी बंद, हेही त्यातच.

बाबांच्या शाळेतली एक गोष्ट तिला आठवली. हजेरीच्या वेळी एखादा मुलगा झोपेत असायचा, त्याच्या तोंडून ‘हजर’ यायचं नाही. बाबा सरळ गैरहजर मांडायचे. मुलगा म्हणायचा, सर, मी इथेच तर बसलोय! त्यावर बाबा म्हणत, “बसलास म्हणून आलास असं होत नाही. हजर म्हण.” घरी आई यावरून बाबांना फार बोलायची.

तपासणीचा आठवडा कुठला, हे गाडीवरच्या माणसांना सांगायचं नसतं. बुधवारी सकाळी ती मामांना एवढंच म्हणाली, “मामा, सगळ्यांना कार्ड लावायला सांगा ना. नियम आहे.”

“का हो ताई, एकदम नियम आठवला?”

“लावू द्या ना, मामा. माझ्यासाठी.”

मामांनी तिच्याकडे बघितलं आणि खांदे उडवले. “लावा रे सगळ्यांनी. ताईंचा हुकूम आहे.” मग जे व्हायचं तेच झालं. कुणाचं कार्ड पिशवीच्या तळाशी, कुणाचं घरी. मशीन एकेकाला विचार करून आत घेत होतं. गाडी चार मिनिटं उशिरा निघाली, पुलावर अडकली आणि शहरात पोचेपर्यंत अकरा मिनिटं उशीर झाला. शाळेतल्या बाईंना हेडमास्तरांची बोलणी खावी लागली, आणि उपचाराच्या आजोबांचा नंबर गेला. मामांना वरून फोन आला तो वेगळाच. गुरुवारी गाडीत चढतानाच आजोबा तिला म्हणाले, “बाई, आज नको हं तुझा नियम.” मामांनी हात हलवला. सगळे बसले. तिने एकटीने कार्ड लावलं. एका माणसाने आकडा किती वाढणार? नवाचे दहा झाले.

घरी येऊन तिने हिशेब मांडला. सोमवार-मंगळवार नऊ-नऊ, बुधवार एकतीस, गुरुवार-शुक्रवार दहा-दहा. सरासरी चौदासुद्धा नाही. तिने तो तीनदा केला. बाबांनी डोकावून कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “बरोबर.” हा नवा शब्द होता. एरवी तिने आनंदाने घर डोक्यावर घेतलं असतं.

पुढच्या सोमवारी बैठक झाली. चौऱ्याऐंशीचा विषय निघाला तशी ती रिवाजाप्रमाणे उठली आणि व्हरांड्यात पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभी राहिली. काचेतून सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. पाच मिनिटांनी विभागाच्या मॅडम स्वतः बाहेर आल्या. कडक बाई, पण मनाने चांगल्या. हिच्यावर त्यांचा जीव होता.

“मार्गाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “पण तू त्या गाडीत असतेस म्हणून एकच विचारते. बाकी दिवशी नऊ-दहा आणि बुधवारी एकतीस. हे कसं? बाकी दिवशी ड्रायव्हर कार्ड लावून घेत नाही असं तर नाही?”

‘हो’ म्हटलं की गाडी वाचत होती. आणि ‘हो’ म्हटलं की मामा जात होते. मागच्याच वर्षी दुसऱ्या एका मार्गावरच्या ड्रायव्हरला याच कारणावरून पंधरा दिवसांत घरी बसवलं होतं. त्याच्या चौकशीचे कागद तिनेच टाइप केले होते. अकरा महिने राहिलेल्या माणसाला म्हातारपणी तोंड लपवायला लागलं असतं, तेही तिने छाटलेल्या तीन मिनिटांपायी.

“मॅडम, थांब्यांवरचा वेळ मी कमी धरला होता. चूक माझी—”

“ते मार्गाबद्दल झालं.” मॅडमनी हात वर केला. “ते मी ऐकलं तर तुलाच महागात पडेल. मी ड्रायव्हरबद्दल विचारलं. हो की नाही?”

बाबा कठडा धरून कितव्या खांबापर्यंत गेले असतील आत्ता? काल सव्विसावा होता. सत्तावीस झाले असतील.

“नाही, मॅडम,” ती म्हणाली. “बुधवारी कुठल्यातरी शाळेची सहल होती. म्हणून एकतीस.”

“असं होय. मग बुधवार धरता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून आत गेल्या. तिने पिंपातून पाणी घेतलं. पेला भरून वाहायला लागला तरी तिच्या लक्षात आलं नाही. एक दिवस गाडी खरी मोजली गेली होती, तोही तिने आपल्याच तोंडाने पुसून टाकला. सरासरी साडेनऊ.

गाडी महिनाअखेरीस बंद होणार असा कागद थांब्यावर लागला. तिने दादाला कळवलं. “बघ, मी काय म्हणत होतो?” दादा म्हणाला. शहरातलं ते घर अजून रिकामं होतं, कारण तसल्या लिफ्टचं घर घेणार कोण? तिने आगाऊ पैसे पाठवले. चार मिनिटांवर ऑफिस, सगळं कसं सोयीचं. काकूंना सांगितलं तेव्हा त्या पदराने डोळे पुसत राहिल्या. बाबांना सांगायचं रोज ठरवायची, आणि रोज ते नव्या खांबाचा आकडा सांगायचे. एकतीस. तेहतीस. जेवताना ती त्यांच्या ताटाकडे बघत बसे. सांगायला तिला तोंड नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी ती थांब्यावर आली तेव्हा मामा गाडीतून खाली उतरून तो कागद वाचत होते.

“नऊ माणसं म्हणे, ताई. नऊ! यांना मोजता तरी येतं का?” ते म्हणाले. मग हळू आवाजात विचारलं, “त्या मशीनमुळे तर नाही ना झालं? तुम्ही त्या दिवशी म्हणत होता...”

“नाही हो मामा. त्याचा काही संबंध नाही.”

“मग ठीक. मला काय, अकरा महिने कुठेही काढीन. जीव लागला होता एवढंच.”

तेवढ्यात काकू ओरडल्या. “अगं, थांब, थांब! बघ कोण येतंय.”

काठी टेकत बाबा येत होते. थांब्यापर्यंत कठडा नव्हता. डांबरी रस्ता ओलांडून, कुणाचा हात न धरता, इस्त्रीचा सदरा घालून येत होते. काकू मागे चार पावलांवर, हात पुढे करून. “आठवडाभर हट्ट धरलाय,” काकू तिला म्हणाल्या. “एक थांबा तुझ्याबरोबर गाडीतून जायचं, असं खुणेनं सांगतात. मी आणते परत. आज नाही तर...” गाडीतले सगळे खिडक्यांशी आले होते. शेवटचा दिवस आहे हे सगळ्यांना माहीत होतं, एक बाबा सोडून.

बाबा पायरी चढले. मामा नेहमीप्रमाणे म्हणाले, “या मास्तर! बसा, बसा. कार्ड राहू द्या.”

“नको,” बाबा म्हणाले.

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. पहिल्या आठवड्यात तिनेच त्यांना काढून दिलेलं, एकदाही न वापरलेलं. पहिल्यांदा कार्ड मशीनच्या बाजूला लागलं, दुसऱ्यांदा हातातून पडलं. ती उचलायला वाकली, तर त्यांनी मान हलवली आणि काठीवर भार देऊन, अर्धं मिनिट घेऊन स्वतःच उचललं. तिसऱ्यांदा कार्ड नीट बसलं. मशीनने विचार केला आणि ते वाजलं.

बाबा गाडीकडे वळले आणि वर्गातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, “हजर.”

कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळी वाजवली. मग उपचाराचे आजोबा आपल्या जागेवरून उठले, दाराशी आले आणि त्यांनी कार्ड लावलं. “हजर, मास्तर,” ते म्हणाले. त्यांच्यामागे शाळेतल्या दोघी, कंपाउंडर, मग कारखान्यातली पोरं, एकेक करून सगळी गाडी. मामांनी इंजिन बंद केलं. “लावा, लावा. आज उशीर झाला तर झाला. आज मला कोण काय करणार आहे?”

सगळ्यांत शेवटी तिने कार्ड लावलं. बाबा तिसऱ्या बाकावर बसून ओठांतल्या ओठांत मोजत होते. ती शेजारी येऊन बसली. “चौतीस,” ते म्हणाले. आकडा बरोबर होता. मशीननेही तोच घेतला असणार. पण चौऱ्याऐंशीची फाइल तीन आठवड्यांपूर्वीच बंद होऊन कपाटात गेली होती, आणि तो आकडा आता कुणी बघणार नव्हतं.

गाडी निघाली. समुद्र उजव्या हाताला होता. बाबा तो एका वेगळ्याच खुशीत बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे वळून तोंड उघडलं, शब्द सापडेना, पुन्हा उघडलं.

“उद्या?” त्यांनी विचारलं.

हा शब्द झटक्यानंतर त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. पुढचा थांबा यायला दोन मिनिटं होती. तिने त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि काकू मागून म्हणाल्या, “उतरायचं हं मास्तर, आला आपला थांबा.”